फोन मी करणार नाही

२३ सप्टेंबर, सकाळी सहा

झोपले नाही. गुंड्या रडत होता म्हणून नाही, तो चारला झोपला. त्याने परत रडू नये म्हणून मी जागी राहिले. त्याच्या तोंडाकडे बघत बसले. ओठ हलला की थोपटायचं. दोन तासांत ओठ एकदाच हलला, तोही जांभईसाठी.

कारण असं. काल वर्गात हात-वरने मला एक गोष्ट सांगितली. ती पहिल्या बाकावर बसते आणि मास्तरीणबाईंचा प्रश्न संपायच्या आत हात वर करते, म्हणून हात-वर. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, इथली दोघींनाही येत नाही, तीच तर शिकायला आलोय. म्हणून तिने खुणांनी सांगितलं. हातात बाळ घेतलं. डोळे चोळून रडली. हवेत दार ठोकलं. मग टोपीवाला माणूस झाली, कागदावर काहीतरी लिहिलं, बाळ उचललं आणि चालायला लागली. शेवटी दोन्ही हात रिकामे करून दाखवले.

म्हणजे इथे मूल रडलं की साहेब येतात, लिहून घेतात आणि मूल नेतात.

आणि आमच्या खाली तळमजल्यावर काठीवाली राहते. गुंड्या रडला की ती म्हातारी काठीने छत ठोकते. टक टक टक. मोजून तीन. तक्रार करायची झाली तर तीच करणार.

ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, "झोप गं, सातला शिफ्ट आहे." स्वतःच्या पोराला उचलून नेतील आणि हा माणूस म्हणेल, जाताना दार लावा.

२४ सप्टेंबर

या वहीबद्दल लिहायचं राहिलं. मास्तरीणबाईंनी वर्गात प्रत्येकाला एक दिली. रोज इथल्या भाषेत पाच वाक्यं लिहायची. मी मागून पाच लिहिते आणि पुढून हे लिहिते. पुढचं माझं. कुणी वाचायचं नाही. इथे वाचणार तरी कोण?

मागे आज लिहिलं: माझं नाव अमुक. मी पहिल्या मजल्यावर राहते. सफरचंद लाल आहे. दार निळं आहे. माझा भाऊ मोठा आहे.

पाचवं वाक्य पुस्तकात होतं म्हणून लिहिलं. नाहीतर त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलंय.

२६ सप्टेंबर

ठरलंय ते पण लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

विमानतळावर सगळ्यांसमोर दादा म्हणाला, "पंधरा दिवस. पंधरा दिवसांत हिचा फोन येतो बघा, दादा मला घेऊन जा म्हणून." वहिनी हसली. आईसुद्धा हसली. मी म्हटलं, फोन मी करणार नाही. केला तर बापाचं नाव लावणार नाही.

हसायला काय जातंय. नववीत मला शाळेतून काढलं ते यानेच. परीक्षेच्या ऐन वेळी. आईला बरं नव्हतं, घरात कुणीतरी हवं होतं. हा टेम्पो चालवणार, मग भाकऱ्या कोण थापणार? मी. आज मी कोण झाले असते!

आता इथल्या भाषेच्या वर्गाचा दाखला घ्यायचा, त्याचा फोटो काढायचा आणि त्याला पाठवायचा. खाली एक अक्षर लिहायचं नाही. तोच त्याला फटका.

आज सोळावा दिवस. जिंकले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

काठीवालीने आज हद्द केली.

तळघरात धुण्याची खोली आहे. सगळ्या बिल्डिंगला मिळून एकच मशीन आणि एकच वाळवायचं यंत्र. दारावर कागद लावलाय, कुणाची वेळ कधी ते त्यावर लिहायचं. माझी वेळ संपली तेव्हा गुंड्याला भरवत होते, पंधरा मिनिटं उशीर झाला. खाली गेले तर पुढची वेळ काठीवालीची आणि माझे कपडे मशीनमधून बाहेर. आणि घडी घालून. गुंड्याची झबली एकावर एक, बाह्या आत दुमडून, विकायला ठेवल्यासारखी.

घडी घालून! म्हणजे मला घडी घालता येत नाही, असंच ना?

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "चांगलंय की." ह्यांच्याशी बोलण्यापेक्षा मशीनशी बोललेलं बरं, ते निदान गुरगुरतं तरी.

सूड घ्यायचा. कसा ते नंतर.

९ ऑक्टोबर

मास्तरीणबाईंनी फळ्यावर बोलावलं. खडू धरला, हाताला घाम, खडूचा चिखल झाला. येत नव्हतं असं नाही, मला सगळं येत होतं. पण त्या मागे उभ्या राहिल्या आणि मागे कुणी उभं राहिलं की मला लिहिता येत नाही. हात-वरने बसल्या जागी उत्तर ओरडून दिलं. वर मला अंगठा दाखवला. शाबास म्हणून की ठेंगा म्हणून, कळलं नाही. ठेंगाच असणार.

दोघींना शत्रूंच्या यादीत घातलं. यादी आता अशी: दादा, काठीवाली, हात-वर, मास्तरीणबाई. हे अर्धे.

१० ऑक्टोबर

वर्गाला गेले नाही. गुंड्याचं अंग गरम लागलं. ह्यांनी हात लावून पाहिला, म्हणाले, "कुठे गरम आहे?" आईच्या हाताला कळतं ते बापाच्या हाताला कळत नाही.

१३ ऑक्टोबर

आजही नाही. पाऊस येईलसं वाटलं. आला नाही, पण वाटलं होतं.

२० ऑक्टोबर

ह्यांच्या फोनवर दादाचा मेसेज. "ती बरी आहे ना? बाळ?" दर रविवारी येतो म्हणे. मला आज कळलं. म्हणजे दर रविवारी हा हेरगिरी करतो. मी कधी कोसळते त्याची वाट बघतोय.

हे म्हणाले, "अगं, काळजी करतो तो. एक फोन कर की." म्हटलं, तुम्ही माझ्या बाजूचे की त्याच्या? हे म्हणाले, "मी शिफ्टच्या बाजूचा. जाऊ दे मला."

ह्यांना यादीत पूर्ण घातलं.

६ नोव्हेंबर

गुंड्याचा हरवलेला मोजा दाराच्या कडीला लटकत होता. धुतलेला. अंगठ्याजवळचं भोक रफू केलेलं, तेही त्याच रंगाच्या दोऱ्याने, मुद्दाम.

म्हणजे काठीवालीला मला काय सांगायचंय, की तुझं पोर फाटके मोजे घालतं. साहेबांना दाखवायला पुरावा तयार करतेय. मोजा ठेवून घेतला, त्याला घातला. थंडी आहे.

दुसरं एक लिहायचंय. टकटक झाली की गुंड्या रडायचा थांबतो. एकदम गप्प, मान वाकडी करून जमिनीकडे बघतो. परत टकटक झाली की हसतो. भीतीने हसतो बिचारा. एवढासा जीव, त्याला दहशत बसवली सटवीने.

१८ नोव्हेंबर

परीक्षेचा कागद मिळाला. ४ डिसेंबर, गुरुवार, सकाळी दहा. एकदाच होणार. पास झालं तर पुढचा वर्ग. नापास झालं तर जागा दुसऱ्याला जाते, आणि वर्गाच्या जोडीने गुंड्याची पाळणाघरातली जागाही जाते. मग मी, गुंड्या आणि खालून टकटक. दिवसभर. वर्षभर.

मास्तरीणबाईंनी मला थांबवून घेतलं. सावकाश बोलल्या, बोट दाखवून. मला कळलं ते असं की तू गैरहजर फार, पण लिहितेस चांगलं, फक्त ये. ये, ये, ये, असं तीनदा म्हणाल्या. मी काय कुत्रं आहे का?

पण लिहितेस चांगलं म्हणाल्या. लिहून ठेवते.

२४ नोव्हेंबर

हात-वरला आता थोडं बोलता येतं, मलाही. तिने विचारलं, ती मालिका बघतेस का? कुठली? तीच गं, बाळ नेतात ती, टोपीवाला माणूस. काल म्हणे त्याने बाळ परत आणून दिलं.

मालिका होती. दोन महिने मी झोपले नाही आणि ती मालिकेची गोष्ट सांगत होती.

पण मी म्हणते, मालिकावाल्यांना तरी कुठून सुचतं? कुठेतरी घडल्याशिवाय? सावध असलेलं बरं. हात-वरचं नाव यादीत दोनदा लिहिलं.

१ डिसेंबर

निश्चय. तीन दिवस. पाचला उठायचं, शब्द पाठ करायचे, गुंड्याची आंघोळ, वर्ग, घरी येऊन परत शब्द. कुणाशी भांडायचं नाही. सूड परीक्षेनंतर.

पाचला उठायला मुळात झोपायला हवं, ते एक जमलं नाही.

२ डिसेंबर

ह्यांनी जिन्यात काठीवालीला सांगितलं की गुरुवारी हिची परीक्षा आहे. स्वतः कौतुकाने मला येऊन सांगतात! अहो, शत्रूला कुणी बातमी देतं का? म्हणे, ती हसली आणि माझा हात दाबला. हसणारच. परीक्षेच्या आदल्या रात्री ती टकटक करणार, सकाळपर्यंत. मी झोपू नये म्हणून. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

सूड परीक्षेनंतर घेऊन चालणार नाही. आधीच हवा.

३ डिसेंबर, संध्याकाळी

काम झालं.

गुरुवारी सकाळी आठ ते दोन धुण्याची खोली काठीवालीची. ते दार जड, आपोआप बंद होतं. बाहेरून किल्लीने उघडतं, आतून फक्त मुठीने. आत किल्लीचं भोकच नाही. मी बादली दारात अडकवली, कांदे चिरायच्या सुरीच्या टोकाने आतल्या मुठीचे दोन स्क्रू काढले, मूठ काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. कोट वर, खुंटीला.

म्हणजे उद्या आठला ती आत जाणार, दार मागे बंद होणार आणि बसेल ठोकत. तिची काठी घेऊन. मी तोवर परीक्षेला. दोनला येऊन उघडेन आणि म्हणेन, अगं बाई, आजी, तुम्ही इथे?

म्हातारी आहे, घाबरेल का? पाणी आहे आत, खुर्ची पण आहे. घाबरू दे थोडी. मी काय तीन महिने मजेत होते?

आज गुंड्या लवकर झोपला. टकटक नाही. चांगला ड्रेस खुर्चीवर काढून ठेवला. असं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार, आठ वीस

आधी कसं झालं ते लिहिते.

साडेसहाला हे गेले. साडेसातला मी ड्रेस घातला, गुंड्याला खांद्यावर घेतलं आणि त्याने खांद्यापासून कमरेपर्यंत दूध ओकलं. दुसरे कपडे सगळे ओले किंवा घालवेनात असे. ड्रेस काढला, गाऊन चढवला. खाली मशीन, वीस मिनिटांची धुलाई, वाळवायचं यंत्र, नऊपर्यंत तयार. काठीवालीची वेळ आहे, पण मी तिच्या आधी पोचेन, नाहीतर तिच्याच समोर लावीन, भांडेन.

गुंड्याला कपड्यांच्या टोपलीत ठेवलं, शेजारी ड्रेस, त्यावर ही वही, म्हटलं मशीन चालू असताना मागची वाक्यं पाठ होतील. खाली आले. दारावरच्या कागदावर पाहिलं तर आजची काठीवालीची वेळ खोडलेली. आणि तिथे तिने स्वतःच्या हाताने आमचा नंबर लिहिलेला. शेजारी एक लहानसं फूल काढलेलं.

मी मनात म्हटलं, भ्याली! मला भ्याली! माघार घेतली! टोपली दोन्ही हातांत, किल्ली कशीबशी फिरवली, दार ढुंगणाने ढकललं आणि विजयी होऊन आत आले. ड्रेस मशीनमध्ये टाकला, बटण दाबलं.

दार मागे बंद झालं.

मूठ वर आहे. कोटात.

आठ चाळीस

बोटांनी प्रयत्न केला. नखं तुटली. स्क्रूच्या भोकात पेन घातलं तर पेन वाकलं, अजून लिहितंय एवढं नशीब. फोन वर, चार्जिंगला; वेळ मशीनवरच्या घड्याळात बघतेय. ह्यांचा फोन कामावर कपाटात बंद असतो, चारला सुटतात. पुढची वेळ दोनला, दुसऱ्या मजल्यावरच्यांची. परीक्षा दहाला, इथून शाळा पंधरा मिनिटं, पळत दहा.

ओरडले. मशीन माझ्यापेक्षा जोरात ओरडतं.

गुंड्या झोपलाय. सात महिन्यांचा झालाय, आजवर दिवसा पाऊण तास सलग झोपला नव्हता. काठीवाली बरोबर या खोलीच्या वर राहते. एकदा रड. एकदाच. गालाला हात लावला. पायाला गुदगुल्या केल्या. घोरतोय.

नऊ पाच

ड्रेस वाळला. घातला. डाग गेला. मी तयार आहे, केससुद्धा मशीनच्या काचेत बघून नीट केले. फक्त दार तेवढं नाही.

कोपऱ्यात फरशी पुसायचा दांडा होता. त्याने छत ठोकलं. टक टक टक. तीन वेळा.

थांबले.

वरून उत्तर आलं. टक टक टक.

मी परत ठोकलं, जोरात. वरून परत तीन. मी पाच ठोकले. वरून पाच. मी दांडा फेकून रडायला लागले. मी मरतेय आणि ही खेळतेय!

मग टोपलीत पाहिलं. गुंड्या झोपेत हसत होता. मान वाकडी करून. तीन महिने हसतो तसाच.

हा भीतीने हसत नाही.

एवढंच लिहिते, पुढे लिहवत नाही. रफू केलेला मोजा त्याच्या पायात आहे.

नऊ पंचवीस

इथे कुणी नाही, खोटं लिहून काय करू?

नववीत दादाने मला शाळेतून काढलं नव्हतं. आईला बरं नव्हतं हे खरं, पण परीक्षेला त्यानेच नेलं, टेम्पोतून. त्या दिवशीचं भाडं सोडून. शाळेच्या गेटसमोर लावला आणि म्हणाला, "उतर." मी उतरले नाही. हाताला घाम. म्हणाला, "उतर गं, मी इथेच थांबतो." दोन तास थांबला. घंटा झाली, पोरं बाहेर आली. मग म्हणाला, "बरं." गाडी वळवली. घरी सांगितलं, मीच काढलं तिला, घरात कुणीतरी पाहिजे. वडिलांनी त्याला फटकावलं. तो काही बोलला नाही. आणि इतकी वर्षं मीपण काही बोलले नाही, नंतर नंतर तर मला तेच खरं वाटायला लागलं.

म्हणूनच पंधरा दिवस म्हणाला असेल. त्याने मला न उतरताना पाहिलंय.

पण आज मी उतरतेय दादा. शपथ. ड्रेस घातलाय, वाक्यं पाठ आहेत, हाताला घाम आहे पण पेन धरता येतंय. आज दारच उघडत नाही. मूठ मीच काढली हे कुणाला पटेल? मलाच पटत नाहीये.

नऊ पस्तीस

दाराखाली फट आहे. वहीचं पान जाईल एवढी. जिन्यात कुणीतरी येतंय, पावलं सावकाश, मध्ये काठीचा आवाज. टक. पायरी. टक.

याच पानाच्या मागच्या बाजूला इथल्या भाषेत लिहिलं, जेवढं येतं तेवढं. मी पहिल्या मजल्यावर राहते. मी धुण्याच्या खोलीत आहे. दार उघडत नाही. माझं बाळ झोपलं आहे. माझी परीक्षा दहा वाजता आहे. मोजली तर बरोबर पाच. आजचा अभ्यास झाला. चूक एकही नसावी, कुणी मागे उभं नव्हतं.

पान उलटं गेलं आणि हीच बाजू वर आली तर काय, म्हणून इथेही लिहिते. ज्याला कुणाला हे वाचता येईल त्याने आधी दार उघडावं. आजी असतील तर आजी, माफ करा, मूठ माझ्या कोटात आहे, कोट खुंटीला आहे.

आणि दार उघडलं नाही तर माझ्या दादाला फोन करा. मला पाठ असलेला तो एकच नंबर आहे, त्याच्या टेम्पोच्या मागे रंगवलेला, लहानपणापासून वाचतेय. समासात मोठ्या आकड्यांत लिहिलाय. तो एवढ्या लांबून काय करणार, मला माहीत नाही. पण करतो काहीतरी, आणि थांबतो. त्याने उचलला की पहिल्यांदा एवढं सांगा की हा फोन तिने केलेला नाही, तुम्ही केलाय. मग बाकीचं सांगा.